वजन विचारलंत, पण मोजलं कुणी?

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

मु. नागाव, ता. अलिबाग, जि. रायगड
दिनांक : 16 एप्रिल 2025

विषय : नवशिक्यासाठी म्हणून विकलेला विंग-फॉइल संच माझ्या वजनाला न जुळणारा असल्याबद्दल आणि प्रशिक्षणातल्या हलगर्जीपणाबद्दल.

संदर्भ : 9 जानेवारीचं बिल, एकूण रु. 2,36,000 (पैकी प्रशिक्षण रु. 18,000); माझे 3 फेब्रुवारी आणि 24 मार्चचे ईमेल; तुमचं 28 मार्चचं उत्तर.

महोदय,

तुमच्या वेबसाइटवर ऑर्डर देताना पहिलाच रकाना वजनाचा आहे. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मी 84 किलो लिहिलं. (बायको म्हणत होती 86 लिहा, पण ते असो.) दुसरा रकाना अनुभवाचा, तिथे 'शून्य'. तिसरा जागेचा, तिथे 'नागाव किनारा'. या तीन उत्तरांवरून 'खास तुमच्यासाठी निवडलेला' म्हणून जो संच घरी आला, त्यात उभं राहायचा 75 लिटरचा बोर्ड, वारा धरायला हातात घ्यायची 4 चौरस मीटरची विंग (हवा भरायचा पंख) आणि 85 सेंटिमीटर मास्टचं फॉइल होतं, म्हणजे बोर्डाखाली उभ्या दांड्यावर (मास्टवर) बसणारं, वेग आला की बोर्डाला पाण्याबाहेर उचलणारं पातं. विंगचा कमरेचा लीश (विंग कमरेला बांधून ठेवायची दोरी) बिलात आहे, खोक्यात नव्हता.

बोर्ड आणि फॉइल जोडून मी वाडीतल्या सुपारीच्या काट्यावर टाकलं. 12 किलो भरलं. समुद्राच्या पाण्यात 75 लिटरचा बोर्ड पूर्ण बुडाला तर जेमतेम 77 किलो तोलतो. माझे 84 आणि हे 12 मिळून झाले 96. फॉइलसुद्धा थोडं पाणी बाजूला सारतं, तेवढी सूट दिली तरी पंधरा किलोंची तूट उरतेच. हा हिशोब करायला मला चहा पिता पिता दोन मिनिटं लागली. तो तुमच्याकडे कुणीच केला नाही, हे माझ्या तक्रारीचं मूळ आहे. पटाईत माणसं बुडणाऱ्या बोर्डावरही गुडघे टेकून, विंगच्या ओढीवर पाण्याबाहेर येतात, हे मला ठाऊक आहे. पण मी रकान्यात 'शून्य' लिहिलं होतं. नवशिक्याला वजनाच्या आकड्यापेक्षा तीस-चाळीस लिटर जास्तीचा बोर्ड लागतो. म्हणजे मला 120 च्या आसपास.

विंगचंही तेच. जानेवारी-फेब्रुवारीत आमच्याकडे दुपारी बारा नॉटचा, म्हणजे ताशी 22 किलोमीटरचा वारा मिळाला तरी तो चांगला दिवस म्हणायचा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. 6 मीटरची विंग बारा नॉटला जेवढी ओढते, तेवढी ओढ 4 मीटरच्या विंगमध्ये यायला वारा जवळपास पंधरा नॉट हवा. तुमच्या जाहिरातीत मात्र 'दहा नॉटमध्ये उडा' असं लिहिलंय. कोण उडतं, किती किलोचं, ते लिहिलेलं नाही.

आता प्रशिक्षणाविषयी. 18 जानेवारीला पहिला धडा जमिनीवर होता. जमिनीवर आधी शिकवायची कल्पना मला पटली, आजही पटते. विंग डोक्यावर कशी धरायची, पुढचा हात कुठे, मागच्या हाताने वारा कसा भरायचा आणि सोडायचा, हे पाण्यात धडपडत शिकण्यापेक्षा कोरड्यात शिकलेलं बरं. पण तुमच्या प्रशिक्षकांनी मला डांबरी पार्किंगवर नेऊन साध्या स्केटबोर्डवर उभं केलं. चाकं सुपारीपेक्षा थोडी मोठी. तिसऱ्या फेरीला एक खडा चाकाखाली आला, बोर्ड जागीच थांबला आणि मी विंगसकट पुढे गेलो. हेल्मेट नव्हतं, कोपराची पट्टी नव्हती. चार टाके पडले, त्याचं बिल जोडलंय. विंगचं टोक डांबरावर घासून विसविशीत झालं ते मात्र माझ्याकडून. ते या तक्रारीत धरू नका.

दुसऱ्या दिवशी टाक्यांसह पाण्यात उतरलो हा माझा मूर्खपणा. पण वेळ तुमची होती : सकाळी साडेसात. कारण असं सांगितलं, की सकाळी पर्यटक नसतात, घोडागाड्या नसतात आणि पाणी सपाट असतं.

पाणी सपाट असतं, कारण वारा जमिनीकडून येत असतो. खारे वारे आणि मतलई वारे शाळेच्या भूगोलात असतात; इथल्या पोराला ते परीक्षेआधीच कळलेले असतात. मी ते विसरलो, कारण समोर शिट्टी घातलेला प्रशिक्षक होता आणि आपण पैसे भरलेत म्हणजे त्याला कळत असणार, असं माणूस धरून चालतो. त्या दिवशी वद्य पंचमी होती. पहाटेची भरती उतरून ओहोटी लागलेली. वारा बाहेर, पाणीही बाहेर. बोर्डावर गुडघे टेकले की बोर्ड खाली, पाणी मांड्यांपर्यंत. उभं राहायला गेलो की आडवा. पाच-सहा वेळा पडून वर बघितलं तेव्हा सुरूची झाडं वीतभर दिसत होती. प्रशिक्षक किनाऱ्यावर शिट्टी वाजवत होते. त्यांच्याकडे होडी नव्हती, साधं पॅडलही नव्हतं. विंगची पुढची मूठ तेवढी धरून तिला वाऱ्यावर फडफडू द्यायचं, म्हणजे ती ओढत नाही, एवढं आदल्या दिवशीचं आठवलं आणि तसाच बोर्डाला धरून राहिलो.

आक्षीच्या एका मच्छीमार होडीने मला उचललं. नाखवांनी आधी विंग आत घेतली, मग मला. म्हणाले, "अहो, सकाळच्या वाऱ्यावर बाहेर जातो ते आम्ही. तुम्ही कुठे निघालेलात?"

28 मार्चच्या उत्तरात तुम्ही लिहिलंत, की हा खेळ नवीन आहे, त्याची मोजमापं अजून ठरायची आहेत. हवा भरायच्या या विंग 2019 च्या सुमारास बाजारात आल्या, हे खरं. पण फिनलंडमध्ये माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून हातात पंख धरून गोठलेल्या तळ्यांवर धावतायत, आणि बोर्डाने किती पाणी सारायचं हे तर आर्किमिडीजने ठरवून ठेवलंय. तुमच्या बोर्डावर '75 लि.' असं तुम्हीच छापलंय. मोजमाप नसतं तर काय छापलंत?

बाकी संच वाईट आहे असं मी म्हणत नाही. म्हणूच शकत नाही, कारण माझ्या मुलीने मला खोटं पाडलं असतं. ती 46 किलोची आहे. तिला हा बोर्ड व्यवस्थित तोलतो. मी मोठ्या, हवेच्या चाकांचा जुना माउंटनबोर्ड एका पोराकडून घेतला आणि धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी तिला घेऊन किनाऱ्यावर गेलो. पुनवेच्या आसपास आमच्याकडे दुपारी बाराच्या सुमारास भरती आणि संध्याकाळी ओहोटी, म्हणजे पाच वाजता ओली, टणक वाळू लांबच्या लांब मोकळी आणि वायव्येचा वारा अजून चालू. डोक्यावर हेल्मेट. ती तासाभरात किनाऱ्याला समांतर जाऊन वळून यायला लागली. पडली तरी वाळूत.

रंगपंचमीला भरती दुपारची होती. तुमचा 85 सेंटिमीटरचा मास्ट आमच्या उथळ किनाऱ्यावर ओहोटीला जागोजागी टेकतो, म्हणून मी तिथी बघूनच दिवस धरला. छातीएवढ्या पाण्यात मी बोर्ड धरून उभा, वारा समुद्राकडून तिरका येणारा, म्हणजे काही बिघडलं तरी किनाऱ्यालाच लागणार. सातव्या की आठव्या खेपेला ती उभी राहिली. बोर्डाच्या पोटावर लाटा आपटण्याचा आवाज चालू होता तो एकदम थांबला. बोर्ड हातभर वर, खाली फक्त मास्टची रेघ, आणि बारीक शिटीसारखा आवाज. दहा-बारा सेकंद असेल. मग धप्प. वर येऊन पहिलं वाक्य : "बाबा, तुम्ही बघितलंत ना?"

म्हणजे तुमचा संच चालतो. तो फक्त माझ्यासाठी निवडलेला नव्हता. प्रशिक्षणाचे 18,000 रुपये घेऊन तुमच्या माणसाला जे जमलं नाही, ते मी पंचांग आणि जुना माउंटनबोर्ड घेऊन केलं. मला त्यातलं काही येत नसताना.

माझं मागणं असं. माझ्या वजनाचा, किमान 120 लिटरचा बोर्ड तुम्ही बदली म्हणून द्यावा. हा 75 लिटरचा परत मागू नका, पोरगी देणार नाही. वापरलेल्या मालाच्या रास्त भावाने तो मी तुमच्याकडून विकत घेतो, भाव लेखी कळवा. प्रशिक्षणाची संपूर्ण फी परत हवी आणि टाक्यांचा खर्चही. कमरेचा लीश बिलात आहे तो पाठवा. 6 मीटरची विंग मी माझ्या पैशाने घेईन, पण ती तुमच्याकडून घ्यायची का, हे या पत्राच्या उत्तरावर ठरेल. आणि नागाव-अलिबाग पट्ट्यात सकाळी मतलई वाऱ्यावर नवशिक्यांना पाण्यात उतरवणं आजपासून बंद करा. यावर माझी तडजोड नाही. माझ्यानंतरच्या माणसाला होडी भेटेलच असं नाही.

ऑनलाइन विक्रीच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. माझ्या 3 फेब्रुवारीच्या ईमेलला पोचसुद्धा आली नाही. आता पंधरा दिवस थांबतो. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, आणि रायगडचा आयोग अलिबागेतच आहे. मला सायकलने जाता येईल, तुम्हाला यावं लागेल.

सोबत बिलाची प्रत, डॉक्टरांचं बिल, काट्यावरच्या बोर्डाचा फोटो आणि तिन्ही ईमेल जोडले आहेत.

बोर्ड बघून भाव ठरवायला माणूस पाठवणार असाल तर दुपारी बाराच्या आत पाठवा. त्यानंतर वारा सुरू होतो आणि बोर्ड घरी नसतो.

आपला,
ग्राहक (नाव व ग्राहक क्रमांक बिलाप्रमाणे)