भाडेकरारातच दुरुस्तीचा तक्ता हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की आमच्या कोथरूड-कर्वेनगरात भाड्याच्या घरांना रंग लागतो. भिंतीतली ओल तशीच, तिच्यावरच रंग. दिवाळीच्या सुमारास नवे बिऱ्हाड येते, भिंती पांढऱ्याशुभ्र, अनामत चुकती होते. पुढच्या जुलैत कपाट जरा पुढे ओढावे, तर मागे काळी बुरशी. पोपडे गादीवर पडतात, लहान मुलाचा खोकला हटत नाही. मालक म्हणतो, "तुम्ही खिडक्या उघडत नाही, कपडे घरात वाळत घालता." भाडेकरू म्हणतो, "वरच्या बाथरूमचं पाणी झिरपतंय." मी स्वतः एक फ्लॅट भाड्याने देतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते. पण भर उन्हाळ्यातही तोच डाग ओला राहत असेल, तर दोष पाइपाचा किंवा वरच्या मोरीचा. तिथे खिडक्या उघडून काय होणार?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार घर सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे काम. त्याने हयगय केली, तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने दुरुस्ती करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. पेठेतल्या जुन्या वाड्यात महिना दोनशे रुपये भाडे असेल, तर ही रक्कम होते वर्षाला सहाशे. तेवढ्यात कौले चाळायलाही माणूस मिळत नाही. (आणि दोनशे रुपये घेणारा मालक तरी छप्पर कशातून करणार, हेही आहेच.)

आज बहुतेक लोक राहतात ते अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स'वर, म्हणजे जागा वापरण्याची नुसती परवानगी देणाऱ्या करारावर. कलम १४ भाडेकरूबद्दल बोलते आणि असा करार करणारा कायद्याच्या लेखी भाडेकरू नसतो. त्याच्या हाती उरतो तो फक्त करारनामा. त्यात जागा चांगल्या स्थितीत परत करण्याची अट हमखास असते, ताब्यात मिळाली तेव्हा ती कशी होती याबद्दल अवाक्षर नसते. घर सोडताना 'रंगकामाचे' म्हणून अनामतीतून पैसे कापतात, ते याच फटीतून.

केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडे कायद्याच्या मसुद्यात कामांची सरळ वाटणी आहे. इमारतीची मूळ दुरुस्ती, रंगसफेदी, पाइप बदलणे, वायरिंग हे मालकाकडे. नळ आणि त्यांचे वॉशर, ड्रेनेजची सफाई, बेसिन, गीझर, बटणे हे भाडेकरूकडे. आपल्याकडे हे करार ऑनलाइन नोंदवता येतात. नोंदणी व मुद्रांक विभागाने त्या अर्जातच हा तक्ता सक्तीचा करावा. सोबत ताबा देतानाचे भिंती, छत आणि मोरीचे फोटो, दोघांच्या सह्यांनिशी. माझ्या करारात मी हे जोडतो. एजंट वैतागतो, वाद मात्र होत नाहीत.

तक्त्यात एक ओळ डासांचीही हवी. गच्चीवरच्या टाकीचे झाकण मालकाने किंवा सोसायटीने बघावे. फ्रीजमागचा ट्रे आणि कुंड्यांखालच्या बशा भाडेकरूने आठवड्याला कोरड्या कराव्यात. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो. तेवढ्या दिवसांत टाकीचे झाकण कोणी आणायचे हेही ठरत नाही.

स्पर्धा परीक्षेची मुले 'कॉट बेसिस'वर राहतात, तिथे तर अनेकदा कागदच नसतो. एका खोलीत पाच-सहा कॉट, एक संडास, बंद खिडकी. भाडे नियंत्रण अधिनियमाच्याच कलम ५५ प्रमाणे 'लिव्ह अँड लायसन्स'सकट कोणताही करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय असा करार नसेल, तर अटींबाबत राहणारा सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. हे या मुलांना कोणीतरी सांगायला हवे. अभ्यासिकांच्या दारावर फलक लावण्यापासून महापालिकेने सुरुवात करावी.

– एक घरमालक, कोथरूड, पुणे