धोट्यानं गेलेला डोळा: वकील मॅडमना आभाराचं पत्र

सोलापूर, पूर्व भाग

आदरणीय वकील मॅडम,
सप्रेम नमस्कार.

धोटा (मागावर आडवं सूत ओढत ये-जा करणारा) उडून डोळा गेलेल्या आमच्या विणकराची भरपाई कामगार भरपाई आयुक्तांकडे जमा झाली, त्याबद्दल आभार आहेतच. पण आम्ही यंत्रमागावरच्या लोकांचे अर्ज लिहून देणारी माणसं. निकालापेक्षा अर्ज दाखल होण्याआधी तुम्ही जे केलंत ते आम्हाला जास्त मोलाचं वाटलं, आणि ते बाकीच्यांनाही कळावं म्हणून हे पत्र उघडं लिहितोय.

तुमचा पहिला प्रश्न होता, ‘ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, नंबर आहे का?’ आम्ही सरळ भरपाईचा अर्ज टाकायला निघालो होतो. कामगार विमाधारक असला तर तेव्हाच्या राज्य विमा कायद्याचं कलम ५३ आडवं यायचं आणि १९२३ च्या भरपाई कायद्याखाली मागणीच करता यायची नाही. मग वाट वेगळी: वैद्यकीय मंडळ आणि दरमहा मिळणारा लाभ. एकाच शेडला तीन नावांच्या पाट्या आणि ईएसआय लागू नये म्हणून प्रत्येक पाटीखाली दहाच्या आत माणसं, हे चित्र आपल्याकडे कुणाला नवं आहे? म्हणून मालकाच्या शब्दावर न राहता तुम्ही माणसं मोजायला लावलीत. अपघात २१ नोव्हेंबर २०२५ ला नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू होण्याआधीचा, म्हणून जुनाच कायदा लागला, हेही तेव्हाच सांगितलंत.

खरी गल्लत टक्क्यांची होती. अपंगत्वाच्या दाखल्यावर एका डोळ्याचे ३० टक्के लिहून आले आणि घरचे खचले, कारण सवलती ४० पासून पुढे. तुम्ही दोन मोजपट्ट्या वेगळ्या करून दाखवल्यात. भरपाईच्या कायद्याची स्वतःची अनुसूची, म्हणजे इजांची टक्क्यांसह यादी आहे. दुसरा डोळा शाबूत असताना एक डोळा गेला तर कमाईच्या क्षमतेत ४० टक्के घट धरतात. डोळ्याचा गोळा जागेवर आहे, विद्रूप झालेला नाही, फक्त दृष्टी गेली, तर ३०. इथे डोळा काढावा लागला होता, पण डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘दृष्टी गेली’ एवढंच. डॉक्टरांकडून ती ओळ नीट लिहून आणायला तुम्ही परत पाठवलंत. त्या एका ओळीवर दहा टक्के अडकले होते.

कुणीतरी १९७५ च्या प्रताप नारायण सिंग देव खटल्याचा दाखला देत होतं. त्यात हात गेलेल्या सुताराला सुप्रीम कोर्टानं शंभर टक्के धरले होते. तुम्ही तो हट्ट धरला नाहीत. ‘हा माणूस आज कांड्या भरतोय, म्हणजे कमावतोय, उलटतपासणीत तेच निघेल,’ असं तोंडावर सांगितलंत. त्याच निकालातला दुसरा मुद्दा मात्र उचललात: भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवशी, निकालाच्या नव्हे. महिन्याभरात पैसे न दिल्यावर १२ टक्के व्याज लागलं ते त्यामुळे.

मजुरीचा पुरावा हे आमचं नेहमीचं दुखणं. नगावर मजुरी, पावती कसली? मालक म्हणाला ८,०००. तुम्ही टॉवेलचे नग लिहिलेली वही, फोनपेच्या नोंदी आणि शेजारच्या मागावरच्या दोघांची शपथपत्रं जुळवून बारा महिन्यांची सरासरी १२,००० काढलीत. त्या जुन्या कायद्यात १५,००० पर्यंतच मजुरी धरत, त्यामुळे फुगवून सांगण्यात अर्थ नव्हता. वय ३५, त्या वयाला कायद्यानं ठरवलेला गुणक १९७.०६. १२,००० चे ६० टक्के ७,२००, गुणिले १९७.०६, त्याचे ४० टक्के: ५,६७,५३३ रुपये. ८,००० धरले असते तर ३,७८,३५५. आणि वय चुकून ३६ लागलं असतं तर गुणक १९४.६४, म्हणजे जवळपास सात हजार गेले असते. शाळेचा दाखला का मागत होतात ते तेव्हा कळलं.

पन्नास हजार देऊन स्टँपपेपरवर घेतलेली ‘पुढे काही मागणार नाही’ ही सही १९२३ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार रद्दबातल आहे, आणि मालकानं दवाखान्याला दिलेले पैसे भरपाईतून वजा होत नाहीत, या दोन गोष्टी आता आम्ही प्रत्येकाला सांगतो. शटल गार्ड (उडालेला धोटा अडवणारं आडण) कामगारानंच काढला, हा बचाव येणार हे ओळखून मागाचे फोटो दुरुस्तीआधीच काढायला लावलेत. बरं झालं. त्या मागाला गार्ड बसवण्याची भोकंसुद्धा नव्हती.

फीचंही लिहायलाच हवं. रकमेत टक्का मागणं वकिलाला चालत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, हेसुद्धा. स्वतःचं गिऱ्हाईक असं कोण घालवतं! शपथपत्र त्याला तेलुगूत वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ दिला नाहीत, ते घरात अजून बोललं जातं.

मालकाला पाठवलेल्या नोटिशीचा नमुना नावं गाळून आम्ही ठेवलाय, तेलुगूतही उतरवून घेतलाय. अपघातापासून दोन वर्षांच्या मुदतीची ओळ त्यात ठळक केली आहे. सवडीनं एकदा नजर टाकाल का?

आपले,
यंत्रमाग कामगारांचे अर्ज लिहिणारे आम्ही सगळे