आबा, खांदा दुखतोय म्हणालात त्याबद्दल

ती. आबांना साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचाल असं वाटत नाही. नातू सारखा मोबाईलमध्ये डोकं घालून असतो, अशी तक्रार तुम्हीच वारीत, वाल्ह्याच्या तळावर केली होती. त्याच्या नजरेला हे पडावं आणि त्यानं तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवावं, एवढ्यासाठी असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. पंढरपुरात कळसाचं दर्शन झालं आणि त्या गर्दीत आपली चुकामूक झाली, आभार मानायचे राहून गेले. वारी होऊन महिने उलटले, तरी बाबा जेवता जेवता मध्येच तुमचं नाव काढतात आणि माझा घास घशाशी अडतो.

बाबांबद्दल तुम्ही काहीच विचारलं नव्हतंत, म्हणून आता सांगते. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. गळ्यात माळ आहे ती आजोबांनी घातलेली, पण आषाढीला त्यांना कधी रजा मिळाली नाही. मिळणार कशी? पंढरपूरच्या जादा गाड्या सुटतात त्या नेमक्या तेव्हाच, आणि तेव्हा वर्कशॉपमधल्या माणसाला घरी जेवायला यायलाही फुरसत नसते. इतरांना विठ्ठलाकडे नेणाऱ्या गाड्यांखाली झोपून त्यांनी ऐन उमेदीची वर्षं काढली. रिटायर झाले, मग आई आजारी पडली, मग आई गेली. त्यानंतर एक दिवस स्वतःहून म्हणाले, "आता जाऊन येऊ." चाळीतल्या लोकांनी टॉवेल-टोपी देऊन पाठवणी केली तेव्हा ते लग्नघरातल्या माणसासारखे सगळ्यांना हात जोडत होते.

आम्ही तुमच्या दिंडीत आलो ते डोंबिवलीच्या एका गटाबरोबर. गटाचे म्होरके आधी वारी करून आलेले, सगळं माहीत असलेले. दिंडीची भिशी, म्हणजे वर्गणी, त्यांच्याकडेच भरली होती. आळंदीत सगळे एकमेकांच्या पाया पडत होते, पोरीसोरींच्याही. पुण्याचा मुक्काम उलटायच्या आत धुसफूस सुरू झाली. चार्जिंगच्या बोर्डवरून एकदा वाजलं. तंबूत दाराजवळची जागा कुणाची, यावरून दोन सख्ख्या जावा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. पताका धरायला दिली नाही म्हणून एका गृहस्थांनी दिवसभर टाळ हातात घेतला नाही. मी हे हसण्यावारी नेणार नाही. रात्री अडीचला उठून टँकरपुढं बादली घेऊन उभं राहायचं, ओल्या सतरंजीवर झोपायचं, तळपायाला फोड, त्यावर पुन्हा चालणं. अंग असं पिळून निघालं की माणसाचं मन उघड्यावर येतं आणि कुणाचाही साधा धक्का जखमेवर बसतो. ज्यांनी ही वाट घालून दिली त्यांना हे पुरतं ठाऊक असणार. हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या फौजेत वावरलेले. त्यांनी १९व्या शतकात माउलींचा सोहळा शिस्तीत बांधला तेव्हा कुणाची दिंडी कुठं चालणार, हेसुद्धा ठरलं. रथापुढं २७ दिंड्या, बाकीच्या रथामागं, प्रत्येकीला नंबर. मानावरून माणसं भांडतात, तेव्हा मानाची जागा आधीच ठरलेली बरी. पण दिंडीच्या आत, तंबूच्या आत, पंगतीच्या आत कुणाचा मान कुठं, हे कुठल्या नंबरानं ठरणार?

दिवेघाटात बाबा मागं पडले. पुण्याहून सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, वर घाटाची चढण, आणि बाबांचा गुडघा. थांबत थांबत का होईना, चढले ते पायीच. गटाला घाटमाथ्यावर त्यांच्यासाठी थांबावं लागलं, किती तर एक चहा होईल इतकं. त्याचा हिशोब दुसऱ्या दिवशी सासवडच्या पंगतीत चुकता झाला. पानं वाढलेली, श्लोक म्हणून झालेला, आणि म्होरके सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काका, उद्यापासून तुम्ही सामानाच्या ट्रकमध्ये बसा. तुमच्या एकट्यापायी सगळ्यांची वारी खोळंबते. झेपत नाही तर यायचं कशाला?"

वाढणाऱ्या बाईचा हात तसाच थांबला. बाबांनी मान वर केली नाही. वाढलेलं पान टाकायचं नाही म्हणून शेवटच्या शितापर्यंत जेवले, ताट घासून ठेवलं आणि तंबूबाहेर जाऊन बसले. त्या ट्रकशेजारी जो पाण्याचा टँकर उभा होता, त्याचा गळका कॉक पुण्यात चिखलात बसून त्यांनीच दुरुस्त केला होता. पान्हा नव्हता, तर पक्कड आणि सुतळीवर भागवलं. त्याच पाण्यानं त्या दिवशीची पंगत हात धूत होती.

मग समजूत घालणारे आले. त्यांच्याबद्दल मला जास्त राग आहे, तो अजून गेलेला नाही. "काका, मनावर घेऊ नका." "त्यांचा स्वभावच तसा, पण मनानं चांगले आहेत." "वारीत राग धरायचा नसतो." "तुम्ही वडीलधारे, तुम्हीच मोठं मन करा." एकजणही म्होरक्यांकडे गेला नाही, की बाबा रे, चारचौघांत बोललास, आता चारचौघांतच माफी माग. ज्याला मार बसला त्यानंच मोठं व्हायचं, आणि मारणारा मात्र आहे तिथं आरामात बसणार. ही कसली समजूत? मी म्होरक्यांशी भांडले. ते म्हणाले, "ताई, तुम्ही उगाच वाढवताय."

जेजुरीच्या तळावर समाजआरतीला उभे होतो. पालखी मधोमध, सगळ्या दिंड्या गोल उभ्या, टाळांचा एवढा गजर की शेजारच्याचा शब्द ऐकू येऊ नये. सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी हातातला चोप, म्हणजे दंड, उंच केला आणि क्षणात सगळं शांत झालं. एका दिंडीचे टाळ तेवढे वाजत राहिले. शेजारच्या मावशींनी सांगितलं, ज्या दिंडीची काही तक्रार असते ती टाळ थांबवत नाही, मग चोपदार स्वतः तिथं जातात, ऐकून घेतात, निवाडा करतात. मला ते इतकं मोठं वाटलं! लाखोंच्या समुदायात एका दिंडीचं गाऱ्हाणं ऐकल्याशिवाय आरती पुढं जात नाही. मी आमच्या म्होरक्यांना म्हटलं, आपल्या दिंडीचे टाळ का नाही वाजत राहिले? ते म्हणाले, "असल्या घरगुती गोष्टीसाठी चोपदारांना बोलवायचं का?"

त्या रात्री बाबा म्हणाले, "नीरेला एसटी पकडू. तू पुढं जा हवं तर." गाडीखाली बोट चिरडलं तेव्हासुद्धा हूं की चूं न करणाऱ्या माणसाचा तो आवाज होता, आबा.

दुसऱ्या दिवशी जेजुरी सोडली तेव्हा ते दिंडीत चाललेच नाहीत. रांगेपासून लांब, तुळशीवाल्या बायांच्याही मागं, कडेकडेनं. टाळ पिशवीत घातलेले. दौंडजच्या अलीकडे तुम्ही मागं वळून आलात. गळ्यात वीणा, कपाळाला बुक्का, अनवाणी. मी बाबांपासून दोन हातांवर होते, म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला. तुम्ही म्हणालात, "माउली, जराक धरता का? खांदा लई दुखायलाय माझा."

बाबा दचकले. म्हणाले, "मी? माझ्यानं चालणं होत नाही नीट. मी मागंच बरा."

"आवं, सावकाश चला की. वीणा मागं ठिवून दिंडी कुठं जाती?"

आणि बाबांनी हो-नाही म्हणायच्या आत तुम्ही वाकलात. वीणा देताना-घेताना एकमेकांच्या पाया पडायचं असतं, हा रिवाज मला तोवर माहीत झाला होता. पण रिवाजापुरतं वाकणं वेगळं. तुम्ही एका हातानं वीणा सावरून धरलीत, दुसरा हात रस्त्यावर टेकलात आणि बाबांच्या धुळीनं भरलेल्या, फोड फुटून चिकटलेल्या पायांवर कपाळ ठेवलंत. घाईनं नाही. उठलात तेव्हा तुमच्या कपाळावरचा बुक्का बाबांच्या अंगठ्यावर उतरला होता. तुम्ही वयानं बाबांपेक्षा मोठे. दिंडी वळून बघत होती. आमचा सगळा गट बघत होता. मग बाबा तुमच्या पाया पडले आणि तुम्ही वीणा त्यांच्या गळ्यात घातलीत, पट्टा खांद्यावर नीट बसवून दिलात, टोपी सरळ केलीत, अगदी शाळेत जाणाऱ्या पोराची करावी तशी.

बाबा मधोमध चालू लागले. तारेवर बोट पडलं तसा त्यांचा खांदा सरळ झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. गुडघा दुखतच होता, पाऊल लहानच पडत होतं, पण आता दोन्ही रांगांतले टाळकरी त्या पावलाच्या मापानं चालत होते. म्होरकेसुद्धा. कुणी घड्याळ पाहिलं नाही. पुढच्या दिंडीत आणि आपल्यात थोडं अंतर पडलं, ते न्याहारीच्या विसाव्यावर भरून निघालं. इतकं सोपं होतं ते.

तुम्ही समजुतीचा एक शब्द बोलला नाहीत. झालं ते तुम्हाला माहीत होतं, सासवडच्या पंगतीत तुम्ही समोरच्याच ओळीत बसला होतात. बाबांना क्षमा करायला सांगितलं नाहीत, त्यांची कीवही केली नाहीत. तुम्ही त्यांच्याकडे मदत मागितलीत. तुझी अडचण होते, असं ज्याला भर पंगतीत सुनावलं होतं, त्याला तुम्ही म्हणालात की माझं तुझ्यावाचून अडलंय. मला कितीही सुचलं असतं तरी हे सुचलं नसतं, आणि सुचूनही उपयोग नव्हता. लेकीनं दिलेला मान घरातला, तो चारचौघांत गमावलेल्या मानाच्या जागी बसत नाही. तो चारचौघांतच परत मिळावा लागतो.

आणि तुमचा खांदा दुखत नव्हता, आबा. नीरेला माउलींच्या पादुकांचं स्नान झालं, त्या गर्दीतून पाण्याचा भरलेला कॅन त्याच खांद्यावर घेऊन तुम्ही आमच्या तंबूपर्यंत आलात, वर दिंडीतल्या एका आत्याबाईंची पिशवीही उचललीत. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं होतं. काही बोलले नाहीत, नुसते हसले. आईच्या दहाव्यानंतर पहिल्यांदा मी त्यांना असं हसताना पाहिलं. नीरेच्या स्टँडसमोरून दिंडी गेली तेव्हा त्यांनी मान वळवूनही बघितलं नाही.

पुढचं सगळं त्यांना तुमच्यामुळं मिळालं. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, अश्व धावून गेले तेव्हा त्या टापांखालची माती उचलायला ते गुडघा विसरून धावले. फलटणला फुगडी घातली! तीही तुमच्या नातवाबरोबर. माळशिरसच्या वाटेवर पावसानं झोडपलं, सगळ्यांवर एकच प्लास्टिकचा कागद, आणि त्याखाली बाबा डेपोतल्या गोष्टी सांगत होते आणि तुम्ही कापूस कसा गेला त्या.

म्होरक्यांनी माफी मागितली नाही. वाखरीला त्यांनी बाबांना लाडू दिला, तो बाबांनी घेतला. मी घेतला नाही. त्याबद्दल तुम्ही मला ओरडलात तरी चालेल.

वारीचं कौतुक करणारे शिस्तीचं कौतुक करतात. एवढी माणसं, कुणाचं निमंत्रण नाही, तरी सगळं कसं सुरळीत, म्हणतात. खरं आहे. पण आत चालून आल्यावर मला दिसलं ते असं, की ही शिस्त रोज कुठं ना कुठं उसवत असते आणि कुणीतरी आपलं नाव न सांगता तिथं टाका घालत असतो. पुण्यात पाय चेपून देणारी कॉलेजातली पोरं, वाल्ह्यात स्वतःच्या घरातली मोरी अनोळखी बायांना उघडी करून देणारी ती नवी सून, ओला तंबू स्वतःला ठेवून कोरडा म्हाताऱ्यांना देणारे तुमच्या गावचे दोघे भाऊ. यांच्यातल्या कुणी भाषण केलं नाही. भलेपणा शिकून येतो की तो जन्मतःच असतो, मला ठाऊक नाही. पण तो समोर दिसला की ओळखता येतो, आणि ओळखला की तसं मोकळेपणानं सांगितलं पाहिजे, म्हणून सांगते आहे. सोसायटीच्या सभेत, ऑफिसात, लग्नाच्या मांडवात, जिथं जिथं एखाद्याला चारचौघांत खाली बघायला लावतात, तिथं मला आता तुम्ही आठवता आणि मी उठून त्या माणसाकडे काहीतरी मागते. पाणी, पेन, काहीही.

आता कामाचं. यंदा बाबा तुमच्या दिंडीत येणार आहेत, गटाबिटाबरोबर नाही. भिशी आम्ही थेट तुमच्या मुलाकडे पाठवतो, त्याला कळवायला सांगा. बाबांनी रोज सकाळी गुडघ्याचे व्यायाम सुरू केलेत. आणि त्यांचा खास निरोप आहे: टँकरचा तो कॉक सुतळीवर अजून एक वारी काढणार नाही, दीड इंची पितळी कॉक त्यांनी आणून ठेवलाय, वॉशरही आणलेत. टँकरवाल्याला म्हणावं, आळंदीला टाकी रिकामी ठेव, भरायच्या आधी बसवून देतो. पान्हा घरूनच आणतायत.

आपली,
तुम्ही ज्यांच्या गळ्यात वीणा घातलीत, त्यांची लेक