सलाइन भरलेल्या सिरिंजचे तीन आठवडे

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

समोर येऊन आभार मानले असते तर "चल, कामाला लाग" म्हणून तुम्ही विषय संपवला असता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजी, म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून स्कॅन करण्याचं तंत्र, शिकणाऱ्या कितीतरी मुलामुलींचं क्लिनिकल पोस्टिंग सिरिंज हातात न धरताच संपतं. माझं पहिलं पोस्टिंग तसंच गेलं होतं: हॉट लॅबच्या, म्हणजे ही औषधं जिथे तयार करतात त्या खोलीच्या, दाराशी उभं राहायचं, बघायचं, लॉगबुकवर सही घ्यायची. बडोद्यात तुमच्या हाताखाली आले तेव्हा टेक्नीशियम-९९एम या किरणोत्सारी द्रव्याचं अर्धायुष्य ६ तास असतं, म्हणजे दर ६ तासांनी ते निम्मं उरतं, हे पाठ होतं, पण हाताला काहीच येत नव्हतं.

तुम्ही मला तीन आठवडे नुसतं सलाइन दिलंत. शिशाच्या काचेआड हात घालून कुपीतून ओढायचं, सिरिंज डोस कॅलिब्रेटरमध्ये, म्हणजे डोसचा किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रात, मोजायची, लगेच शील्डमध्ये, म्हणजे किरण अडवणाऱ्या आवरणात, घालायची. बाजूला तुमचं स्टॉपवॉच. शील्डच्या इवल्या खिडकीतून सिरिंजवरच्या रेघा वाचताना माझी तारांबळ उडायची. तुम्ही शांतपणे म्हणायचात, "पुन्हा." सलाइनवर कितीही चुकलं तरी चालतं, खऱ्या डोसपाशी रेंगाळलेला प्रत्येक सेकंद बोटांवर जमा होतो. हे तुम्ही बोलून नाही, घड्याळ लावून शिकवलंत.

हिशेबही तसाच. सकाळी आठला १ मिलिलिटरमध्ये २० मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप) असेल, तर अकराला तेवढ्याच डोससाठी किती ओढशील? कॅल्क्युलेटर काढायच्या आत उत्तर हवं असायचं. सुमारे १.४ मिलिलिटर. आज हे आपोआप सुचतं.

आणि तो थेंब. खरा डोस हाताळायला लागले त्याच आठवड्यात ग्लोव्हवर थेंब पडला, मला कळला नाही, आणि मी त्याच हाताने ड्रॉवर उघडला. किरणोत्सार शोधणारा सर्व्हे मीटर ड्रॉवरच्या मुठीवरून फिरवला तेव्हा तो कडकडायला लागला आणि माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही आवाज चढवला नाहीत. बाहेरून आत पुसत यायचं, बोळा वेगळ्या पिशवीत, आकडा आणि वेळ रजिस्टरमध्ये, सगळं माझ्याकडूनच करून घेतलंत. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजायला लावलंत. २४ तास म्हणजे चार अर्धायुष्यं, उरायला हवा सोळावा भाग. मीटरनेही तेच सांगितलं. चूक लपवायची नाही, मोजायची, हे त्या दिवशी माझ्या अंगात मुरलं.

पण सगळ्यात जास्त ऋण आहे ते बोन स्कॅनला आलेल्या त्या बांचं, त्या गुजराती आजींचं. घाबरलेल्या होत्या, मुलगा बाहेर बसलेला. सुई टोचण्याआधी तुम्ही त्यांच्याशेजारी बसलात, हात हातात घेतलात आणि गुजरातीत सगळं समजावलंत: आता टोचू, मग तीन तास थांबायचं, स्कॅनच्या आधी लघवीला जाऊन यायचं. शेवटी म्हणालात, "बा, पाणी पीतां रहेजो." बाहेर आल्यावर मला सांगितलंत की बोलायचं ते टोचण्याआधी पोटभर बोलून घे, नंतर त्यांच्या अंगातून किरण येतात म्हणून आपल्याला लांब व्हावं लागतं, अंतर दुप्पट केलं की मात्रा चौथाईवर येते, पण पेशंटला वाटतं की आपल्याला टाळतायत. किरणांपासून स्वतःला जपायचं आणि माणसाला एकटं पाडायचं नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं.

माझा टीएलडी बॅजचा, म्हणजे अंगावर किती किरण पडले ते मोजणाऱ्या बिल्ल्याचा, रिपोर्ट आला. आकडा तुम्हाला भेटून दाखवायचाय. तुमचं स्टॉपवॉचही अजून माझ्याकडेच आहे. रविवारी दांडिया बाजारात आमच्या घरी जेवायला या, आई पुरणपोळ्या करणार आहे.

तुमची विद्यार्थिनी