बाबा, ते ताट परत मांडणीवर ठेवा

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

फोन केला की बाबा "बरंय, बरंय" म्हणतात आणि आईकडे देतात, आणि आई रडते. म्हणून लिहायला बसले. आई, हे त्यांना मोठ्याने वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

बाबा, गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत दोन दिवस गोळी राहिली, म्हणूनच पहिल्या कोर्सने हिपॅटायटिस सी गेला नाही, असं तुम्ही मनाला लावून घेतलंय. मी डॉक्टरांना पहिलं तेच विचारलं. 84 दिवसांत दोन गोळ्या चुकल्याने एवढं होत नाही म्हणाले. तुमचा विषाणू तीन नंबरच्या प्रकारातला, त्यात यकृत आधीच कडक झालेलं, अशा वेळी पहिला कोर्स कधीकधी कमी पडतो. आणि 1991 च्या ऑपरेशनला रक्त चढवलं, तेव्हा रक्तपेढीत या विषाणूची तपासणीच होत नव्हती. यात तुमचा काय दोष?

आता जे ठरवलंय ते सांगते, रागावू नका. पुण्यातल्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसची दोघांची तिकिटंही काढलीत. तुम्हाला न विचारता केलं, चुकलंच माझं. पण विचारलं असतं तर "पावसाळा होऊ दे, दिवाळी होऊ दे" झालं असतं. सोनोग्राफीत पोटात पाणी नाही, तब्येत साथ देतेय, तोवरच सुरू करायला हवं. आता वेगळी गोळी आहे, सोफोसबुविर आणि वेल्पाटासविर एकत्र, जोडीला रिबाविरिन. 24 आठवडे. अमेरिकेत 2017 पासून तीन औषधांची एक गोळी आहे, तीही विचारली. इथे सहज मिळत नाही, तिची वाट बघत बसायला नको म्हणाले. रिबाविरिनने रक्त कमी होतं, थकवा येतो, हे लपवत नाही. म्हणून तर सुरुवातीचे दिवस माझ्याकडे राहायचं. हिमोग्लोबिन तपासत राहू, उतरलं तर डोस कमी करतात.

पैशाचं काढू नका. 2018 पासून सरकारी कार्यक्रमात या आजाराच्या गोळ्या मोफत आहेत, तिथून मिळाल्या तर उत्तमच, नाहीतर मी आहे. एफडी मोडायची नाही.

घर तळमजल्यावर आहे, कमोड आहे, गॅलरीत सकाळचं ऊन येतं. आई, तुझी तुळस कुंडीसकट आण. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र भरपूर आण, इथली खाऊन बाबांचं समाधान व्हायचं नाही.

मे महिन्यात आले तेव्हा खिडकीत, फिल्टरच्या मागे ते ताट दिसलं. काठाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. बाबा, तुम्ही स्वतःच लावलात ना, आमच्यात मिसळू नये म्हणून? मी काही बोलले नाही, बाहेर जाऊन उभी राहिले. एका ताटात जेवल्याने हा आजार लागत नाही, जवळ बसल्यानेही नाही. वस्तरा, नेलकटर, ब्रश वेगळा ठेवा, बस्स. मला टायफॉइड झाला होता तेव्हा रात्रपाळी करून तुम्ही यायचात, अंगाला गिरणीचा वास, आणि दोन चमच्यांत गोळी चुरून मधातून भरवायचात. उरलेला मध तोच चमचा चाटून संपवायचात. ताट परत मांडणीवर ठेवा.

आता नीट ऐका. गुळवेलीचा काढा आजपासून बंद, काका काहीही म्हणोत. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर गोळी आणायची नाही. आणि पहाटे उपाशीपोटी आम्लपित्ताची कॅप्सूल घेता, ते डॉक्टरांना सांगितलंच नव्हतंत! पोटातलं आम्ल कमी झालं की नवी गोळी नीट लागू पडत नाही. ती पट्टी पिशवीत टाका, सगळ्या जुन्या रिपोर्टांसकट. आई, फाईल तू तुझ्याकडे ठेव.

जूनमध्ये सुरू केलं तर गड्ड्याच्या आधी गोळ्या संपतात. नंदीध्वज बघायला आपण तिघं मिळून जाऊ. खांद्यावर बसायला मी आता मोठी झाले, पण हात धरून चालेन.

गाडीत गार लागतं. चादर वरच ठेवा, बॅगेत तळाशी नको.

तुमची,
चिमी