मनालीस, पैसे पाठवण्याआधी

कुडाळ, मंगळवार

चि. मनालीस अनेक आशीर्वाद.

शनिवारी न बोलताच गाडीत चढलीस. खाजं खाल्लंस की तसंच पिशवीत आहे? पैसे देवळाच्या सभामंडपाच्या फरशीला दिले नाहीस, हे बाबांना अजून लागलंय. मला नाही. बोनसचे दोन लाख लोकांच्या मनाच्या आजारावर द्यायचे, हे मला पटलंय. फक्त सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेव. एकदाच सांगते.

आता संस्था निवडायची तुझी ती शिडी. आयुष्याबद्दलचं समाधान शून्य ते दहात विचारायचं. एका माणसाचा एक अंक वर्षभर वाढला की एक वेल्बी. ब्रिटनच्या अर्थखात्याने २०२१ मध्ये हे माप सरकारी खर्च तपासायला घेतलं, तेव्हा ते खुळचट नाही हे मान्य. पण आपल्याकडच्या बाईला खळ्यात बसून विचारून बघ. "देवाच्या दयेन बरा आसा" म्हणेल आणि तुझा मान राखायला आठ सांगेल. मदत तूच दिली असशील तर नऊ. म्हणून ज्या संस्थेला द्यायचेत तिच्या अहवालात पहिलं हे शोध: मदत न मिळालेल्यांनाही विचारलं का, आणि विचारणारा संस्थेचा होता की बाहेरचा.

जवळचा दाखला गोव्याचा. तिथल्या संगाथ संस्थेने आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या माणसांकडून नैराश्याच्या रुग्णांच्या सहा ते आठ बैठका घेतल्या. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: तीन महिन्यांनी शंभरातले ६४ बरे. पण बैठका न मिळालेल्यांतलेही ३९ बरे झाले होते. म्हणजे बैठकांचं श्रेय २५ चं. समज, माणशी खर्च दोन हजार. तुझ्या दोन लाखांत शंभर माणसं, पण जादा बरे पंचवीस, म्हणजे एकामागे आठ हजार. पत्रकात दोन हजारच छापतात. त्या दोन हजारांत प्रशिक्षण, प्रवास, देखरेख धरलीय का तेही विचार. बैठका कशा झाल्या हे कोणी ऐकून तपासत नसेल, तर वर्षभरात समुपदेशक नुसते उपदेश करायला लागतात.

(मीही तेच करतेय. आरोग्य सबसेंटरची सवय, जात नाही.)

फायदा किती टिकला ते बघ. समज, शिडीवर पहिल्या वर्षी ०.६ अंकाची वाढ, दुसऱ्या वर्षी ०.३, मग शून्य, तर माणशी ०.९ वेल्बी. दुसऱ्या वर्षी कोणी मोजलंच नसेल तर तो ०.३ अंदाज समजायचा. परदेशी संस्थेला थेट दिलंस तर दानावरची करसवलत नाही. नव्या करपद्धतीत तर इथल्या संस्थेला देऊनही नाही. रोख तर देऊच नकोस.

पाचवीत एसटीचे पैसे बेबीला देऊन पिंगुळीहून चालत आलीस, दप्तर डोक्यावर, आणि वर मलाच म्हणालीस, "पाऊस नव्हतोच." तेव्हा ओरडले. मागून शेजारणीला कौतुकाने सांगितलं, ते तुला माहीत नाही. पण परतीचे पैसे ठेवायची अक्कल तुला तेव्हाही नव्हती गो. घराचा हप्ता आहे, नोकरीचा भरवसा नाही. झालं, पुन्हा तेच लिहिलं. रागावू नकोस.

एक लाख आता दे, दुसरा पुढच्या वर्षीचा अहवाल वाचून. मधल्या काळात तो तुझ्याच खात्यात राहील.

बाबा मागे उभे राहून विचारतायत, २५ कुठून आले. त्यांना कागदावर मांडून दाखवते. खाज्याचं कळव.

तुझी
आई