अमेरिकेत सवलती नव्हत्या म्हणे!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेवरचा लेख वाचला. लेख तसा चांगला आहे, पण शेवटी लेखकांनी जे ठोकून दिलंय की 'तिकडे सरकार कुणाला फुकट काही देत नाही, सवलती नाहीत, जो तो आपल्या मेहनतीवर वर येतो म्हणून तो देश पुढे' ते काही पटलं नाही, आणि आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नेमकं तेवढंच वाक्य कापून फिरतंय, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू. मी माजी सैनिक आहे. फौजेतून सुटल्यावर माणसाला काय मिळतं न् काय नाही हा आमच्या पारावरचा रोजचा विषय, त्यामुळे तिकडच्या सैनिकांना काय मिळालं हे मी जरा जास्तच वाचलंय.

अमेरिकन मध्यमवर्ग म्हणून आपल्या डोळ्यासमोर जे येतं, स्वतःचं घर, पुढे लॉन, दारात गाडी, पोरं कॉलेजात, ते बऱ्यापैकी दुसऱ्या महायुद्धातून आणि सरकारी पैशातून उभं राहिलंय. २२ जून १९४४ ला प्रेसिडेंट रूझवेल्टनी जीआय बिलावर, म्हणजे परतलेल्या सैनिकांसाठीच्या कायद्यावर, सही केली. लढाईवरून परत आलेल्याला कॉलेजची फी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत सरकार भरणार, वर राहण्या-खाण्याचा भत्ता, नोकरी मिळेपर्यंत आठवड्याला २० डॉलर असे जास्तीत जास्त ५२ आठवडे, आणि घर, शेती, धंद्यासाठी कर्ज काढलं तर त्याला सरकारची हमी. आता याला सवलत नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? १९४७ मध्ये कॉलेजात शिकणाऱ्यांत जवळजवळ निम्मे हे माजी सैनिक होते आणि १९५६ पर्यंत ७८ लाख लोकांनी यातून शिक्षण नाहीतर ट्रेनिंग घेतलं. शेतमजुराचा, कामगाराचा पोरगा इंजिनियर झाला तो असा.

सरकारला एकदम दया आली होती असंही नाही. पहिल्या महायुद्धातले सैनिक १९३२ मध्ये मंदीत बेकार होऊन कबूल केलेला बोनस आत्ताच द्या म्हणत बायकापोरांसकट वॉशिंग्टनला येऊन बसले, तेव्हा प्रेसिडेंट हूवरनी त्यांच्यावर लष्कर सोडलं, जनरल मॅकआर्थरच्या फौजेनी त्यांना हुसकलं, त्यांच्या झोपड्या जळाल्या. दुसऱ्या युद्धात तर दीड कोटीच्या वर लोक वर्दीत होते, ते सगळे बेकार होऊन रस्त्यावर आले तर काय होईल याची धास्ती होती.

खरी मेख पुढेच आहे. कायद्यात काळा-गोरा असा शब्द कुठे नाही. पण काँग्रेसमध्ये, म्हणजे तिकडच्या संसदेत, सैनिकांच्या कमिटीचा अध्यक्ष होता दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याचा जॉन रँकिन, कट्टर वर्णद्वेषी माणूस, आणि दक्षिणेतले असे खासदार वर्षानुवर्षं निवडून यायचे कारण तिथे काळ्यांना मतदानच करू देत नव्हते, मग सिनियॉरिटीने कमिट्या यांच्याच हातात. पैसा केंद्राचा पण वाटप स्थानिक लोकांच्या हातून, असा आग्रह त्याने धरला आणि तसंच झालं. कर्जाची हमी सरकारची, पण कर्ज द्यायचं बँकेने, आणि काळ्या माणसाला बँक दारातूनच परत पाठवणार. नोकरीच्या सरकारी ऑफिसात बसलेला गोरा क्लार्क, तो फौजेत मेकॅनिक किंवा ड्रायव्हर असलेल्या माणसाला झाडूवाल्याचं काम दाखवणार आणि ते नाकारलं की २० डॉलरही बंद. दक्षिणेतल्या गोऱ्या कॉलेजांत प्रवेश नाही, काळ्यांची कॉलेजं थोडी आणि छोटी, तिथे जागा नाही. १९४७ साली मिसिसिपीतल्या १३ शहरांची पाहणी झाली त्यात हमीची ३,२०० च्या वर कर्जं निघाली, त्यातली काळ्या सैनिकांना किती? दोन!! मी दोनदा वाचलं, छापायची चूक असेल म्हणून.

आणि दहा लाखांहून जास्त काळे लोक त्या युद्धात वर्दीत होते बरं का. आयझॅक वुडर्ड नावाचा सार्जंट फेब्रुवारी १९४६ मध्ये डिस्चार्ज घेऊन अंगावर वर्दी तशीच ठेवून बसने घरी निघाला, ड्रायव्हरशी बोलाचाली झाली एवढंच, साउथ कॅरोलायनात पोलीसप्रमुखाने त्याला इतकं मारलं की दोन्ही डोळे गेले. खटला झाला, ज्युरी सगळी गोऱ्यांची, पोलीसप्रमुख निर्दोष. प्रेसिडेंट ट्रुमननी १९४८ मध्ये सैन्यातला वर्णभेद बंद करायचा हुकूम काढला त्यामागे या प्रकरणाचाही हात होता.

आता घरांचं बघा, कारण सगळी गोम घरात आहे. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेविटटाउन उभं राहिलं, १९४७ ते ५१ मध्ये १७ हजारांवर घरं, खास परतलेल्या सैनिकांसाठी, साधारण ८ हजार डॉलरला एक. सुरुवातीच्या करारात चक्क लिहिलेलं की गोऱ्यांशिवाय कुणी इथे राहायचं नाही, फक्त घरकामाला ठेवलेली माणसं चालतील. त्याच घरांची किंमत आज कित्येक लाख डॉलर. ज्याला तेव्हा मिळालं त्याने ते तारण ठेवून पोरं शिकवली, मरताना पोरांच्या नावावर केलं. ज्याला नाही मिळालं तो भाड्याने राहिला. घर विकताना भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर आठवड्याभरात आला, तोवर गाडी निघून गेली होती. २०२२ च्या सरकारी सर्व्हेत (मालमत्तेप्रमाणे ओळीत लावलं तर) मधोमध येणाऱ्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता २ लाख ८५ हजार डॉलर आणि तशाच मधल्या काळ्या कुटुंबाची ४५ हजारांच्या आत. यात आळस किती आणि मेहनत किती ते लेखकांनीच सांगावं.

ज्यांची पोरं तिकडे आहेत त्यांच्यासाठी अजून एक. नोकरी गेली की मेडिकल इन्शुरन्स पण गेला, ही तिकडची भानगडही युद्धातलीच. १९४२ मध्ये सरकारने पगारवाढ गोठवली, माणसं तर मिळेनात, मग कंपन्या पगाराऐवजी इन्शुरन्स देऊ लागल्या कारण तो पगारात धरला जात नव्हता. नंतर ट्रुमननी सगळ्यांसाठी सरकारी विमा आणायचा प्रयत्न केला तर डॉक्टरांच्या संघटनेने कम्युनिझम कम्युनिझम म्हणून हाणून पाडला. आज एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याला नोकरी गेल्यावर ६० दिवसांत दुसरी शोधायची आणि त्यात इन्शुरन्सचीही चिंता. आणि मुळात आपली पोरं तिकडे गेली ती १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे, जो काळ्यांच्या नागरी हक्कांच्या चळवळीच्या रेट्यातच पास झाला, हे आपल्यातले किती जण ध्यानात ठेवतात?

वुडर्डच्या नावाने एक बिल २०२१ मध्ये मांडलं गेलं, की महायुद्धातल्या ज्या काळ्या सैनिकांना घर-शिक्षणाचा लाभ नाकारला गेला त्यांच्या वारसांना तो आता द्यावा. काँग्रेसच्या त्या मुदतीत ते पास झालं नाही. लेखकांनी पुढच्या रविवारी यावर दोन ओळी लिहाव्यात, ग्रुपवर टाकायचं काम माझं.

आपला,
एक माजी सैनिक, जि. सातारा